तलावाचं तेवढं राहिलं

वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून मला अजूनही बोलावतात आणि मी निर्लज्जासारखा जातो. उच्चार, आवाज, हातवारे, सगळ्याला गुण देतो. चांगला वक्ता कसं व्हावं, असं एखाद्या मुलानं विचारलं की मात्र घसा खाकरतो आणि चहाचं काय झालं ते विचारतो.

सावली या गावाजवळच्या एका खेड्यात मी शिक्षक होतो. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. गावचा तलाव आधी मालगुजाराचा. त्याला वाटा देऊन ढिवरांची दहा-बारा घरं त्यात मासोळ्या धरायची, शिंगाडे लावायची. आता तलाव सरकारचा झाला होता आणि त्याचा लिलाव होऊन बाहेरचा ठेकेदार येणार, अशी कुजबुज होती. तेवढ्यात शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन करायला तालुक्याचे साहेब येणार असं ठरलं. स्वागताचं भाषण अर्थातच माझं.

आदल्या दिवशी ढिवरांतली एक म्हातारी बाई दोघांना घेऊन माझ्याकडे आली.

"गुरुजी, आमाले सायबासमोर बोलता येत नाई. तुमी एवढंच सांगजा, तलाव आमच्याच हाती राहू द्या. लिलाव नोको."

"बाई, निर्धास्त राहा. असं मांडतो की साहेब तिथल्या तिथं हो म्हणतील."

मांडतो! एका दमात सांगून होणारी गोष्ट. तिला शोभेलशी प्रस्तावना मी आठ पानं लिहिली. स्वातंत्र्य, ज्ञानाचा प्रकाश, वैनगंगेचा प्रवाह, काही म्हणता काही सोडलं नाही. तलावाचं मुद्दाम शेवटी ठेवलं. शेवटचं वाक्य लक्षात राहतं, असं मी वर्गात शिकवायचो.

दुसऱ्याच वाक्याला टाळ्या पडल्या आणि मी चेकाळलो. लिहिलं नव्हतं तेही बोलू लागलो. साहेब घड्याळ बघत होते, ते मला दिसत होतं. सहाव्या पानावर एक मोठी टाळी पडली, तशी ते उठले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "उत्तम बोलता हो तुम्ही," आणि जीपकडे निघाले. जीप लवकर सुरू होईना. चार पावलं पुढं जाऊन ते एक वाक्य सांगता आलं असतं. पण मी कौतुकानं पाघळून जागच्या जागी उभा राहिलो. याची मला आजही शरम वाटते.

संध्याकाळी ती बाई पळसाच्या पानात मासोळ्या घेऊन आली.

"आमाले सारं नाई समजलं जी. पन सायबानं तुमचा हात धरला, म्हंजे काम झालं. आमचे लोक उद्या तालुक्याले सायबाले भेटाले जानार होते, मीच म्हटलं, आता काऊन जाता?"

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ते गेले असते, स्वतःच्या तोंडानं बोलले असते. मी मासोळ्या ठेवून घेतल्या. रस्सा झणझणीत झाला होता आणि मी पोटभर जेवलो.

पुढच्या महिन्यात लिलाव झाला. ठेकेदाराची माणसं जाळी घेऊन उतरली आणि ढिवरांची घरं मजुरीला जाऊ लागली. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. एकदा आठवडी बाजारात ती बाई परगावच्या कुणाला तरी सांगत होती, "गुरुजीनं आमच्यासाठी जीव तोडून सांगतलं, सायबानंच आयकलं नाई." मग मला बघून म्हणाली, "हाव ना गुरुजी?"

मी हो म्हणालो.