नवव्या सिलिंडरच्या मागे

आमच्या रोह्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र विभागात एक मोठं लाकडी विमान होतं. आधीच्या कुठल्यातरी बॅचने केलेलं. खऱ्याच्या एक अष्टमांश मापाचं, म्हणजे मी दोन्ही हात पसरले तर जेमतेम पंखांची टोकं हाताला लागायची. जुन्या काळी शिकाऊ वैमानिक ज्यात बसायचे तसलं विमान, नाकात गोल इंजिन असणारं. पण इंजिनाच्या जागी त्या मुलांनी पुठ्ठ्याची चकती लावून वर काळा रंग मारला होता. त्या वर्षी विद्यापीठाच्या प्रदर्शनाला विमान न्यायचं ठरलं, आणि विभागाच्या सरांनी वर्गात विचारलं, इंजिन कोण करेल? मी हात वर केला. का केला ते आजही नक्की सांगता येणार नाही. वर्गात मी फारशी बोलत नसे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

सरांनी एका पुस्तकातल्या चित्राची झेरॉक्स दिली. मधे गोल पेटी आणि भोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे नऊ सिलिंडर. पेटीसाठी मी मोठा लाकडी भोवरा घेऊन त्याची आर काढली. दांड्यांसाठी मोडक्या छत्रीच्या काड्या घेतल्या आणि ठिणगीच्या तारांसाठी टेलिफोनच्या केबलमधली रंगीत वायर. हे सगळं जमलं. अडलं ते सिलिंडरपाशी. प्रत्येक सिलिंडर बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि त्याच्यावर थंड होण्यासाठी बारीक बारीक कंगोरे. जळालेल्या पंख्यातली तांब्याची तार मी लाकडाच्या तुकड्यावर फेऱ्या मोजत गुंडाळली. पहिल्याला चार दिवस लागले. तो छान झाला. दुसरा पोटात फुगला. तिसऱ्याचे कंगोरे एका बाजूला झुकले. प्रदर्शनाला महिना उरला होता.

आम्ही जित्याला राहायचो. वडील धरमतरला बार्जवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी. आई पेणला गणपतीच्या कारखान्यात. सकाळी आम्ही दोघी एकाच गाडीने निघायचो, ती पेणला उतरायची, मी रोह्याला. तिचं काम घासण्याचं. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची. अकरा वर्षं ती तेच करत होती. त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी पुरुषच करायचे. पण आईचा हात स्थिर होता, आणि यंदा लहान मूर्तींचे डोळे तुला देऊन बघतो असं शेठ तिला म्हणाले होते. हे ती कोणाला सांगत नव्हती. मला मात्र दोनदा सांगितलं होतं.

तिने माझा पहिला सिलिंडर हातात घेतला, उजेडाला धरला. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख लहानपणी दारात चेंगरून मधोमध दुभंगलं होतं, त्या फटीत प्लास्टरची पांढरी रेघ कायम असायची.

"एकच चांगला झालाय ना गो? मग बाकीचे कशाला करतेस? साचा काढ."

"ते चालणार नाय, आई. सगळं स्वतः करायचंय."

"हा काय शेजारणीने केला?"

तिने तो डब्यात टाकून नेला. आठ दिवसांनी रबराचा छोटा साचा घेऊन आली. सिलिंडर उभा राहावा म्हणून तिने खाली शाडूची चकती लावली होती, तिचाही ठसा साच्यात आला होता. पातळ प्लास्टर ओतायचं, सुकलं की साचा मोज्यासारखा सोलून काढायचा. तीन रात्रींत नऊ सिलिंडर तयार झाले. एवढंच की प्रत्येकाच्या बुडाशी, मागच्या बाजूला, एक खाच येत होती. चंद्रकोर मधोमध तुटावी तशी. मला वाटलं, साच्यातला दोष असेल. आईला विचारलं नाही. तो दोष तिच्या हातून झाला असं बोलल्यासारखं झालं असतं.

नऊही भोवऱ्याला चिकटवले, खाली तेलाचा डबा म्हणून लाकडाचा ठोकळा लावला आणि इंजिन सरांकडे नेलं. सरांनी ते बराच वेळ समोरून पाहिलं. मला वाटलं, आता शाबासकी देतील.

"मुंबईला कोण नातेवाईक आहे का तुझं?"

"नाही, सर."

"तिकडे असल्या वस्तूंची दुकानं असतात म्हणून विचारलं. नऊच्या नऊ सारखे आहेत. हाताने केलं तर एखादा तरी वेगळा येतो."

"मीच केलेत, सर."

"बरं," सर म्हणाले. पण त्यांचं बरं मला बरं वाटलं नाही. प्रदर्शनाच्या अर्जावर एक ओळ होती, सर्व काम विद्यार्थ्याने स्वतः केले आहे, आणि खाली सरांची सही लागणार होती. सरांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. रंग द्यायचा राहिलाय असं सांगून मी इंजिन घरी परत आणलं.

त्यानंतर मला सगळ्यांचा संशय येऊ लागला. प्रयोगशाळेचा शिपाई माझ्या पिशवीकडे बघतो असं वाटायचं. सर वर्गात साचा हा शब्द उच्चारतील अशी भीती वाटायची. एका रात्री इंजिन उलटं केलं तेव्हा त्या खाचा दिसल्या. एकामागून एक तीच खाच. हे बघून कोणीही ओळखेल. मी पुट्टी घेतली आणि काडीच्या टोकाने खाचा बुजवल्या, वर राखाडी रंग लावला. दुसऱ्या दिवशी साचा कात्रीने कापला आणि कॉलेजात जाताना कुंडलिकेच्या पुलावरून पाण्यात टाकला. इंजिन सरांकडे दिलं. त्यांनी ते विमानाच्या नाकात बसवलं आणि विमानाच्या मोठ्या कपाटाला कुलूप लावलं. अर्ज मात्र ड्रॉवरमध्येच राहिला.

त्याच आठवड्यात आई दुपारीच घरी आली. चूल पेटवली नाही, हातपाय धुतले नाहीत. मग सांगू लागली.

शेठने त्या वर्षी नवीन मूर्ती घडवली होती, मान किंचित कललेली. ती अजून कारखान्याबाहेर गेलीही नव्हती, आणि पेणमधल्याच दुसऱ्या कारखान्यात शेठला तशीच कच्ची, बिनरंगाची मूर्ती दिसली. नुसती तशीच नाही. प्रत्येक कारखानदार आपल्या मूळ मूर्तीवर मागे कुठेतरी एक खूण करून ठेवतो, कोणाला न सांगता. शेठची खूण तीन टिंबांची, आणि ती टिंबंही त्या मूर्तीवर आली होती. म्हणजे आतल्याच कोणीतरी मूर्तीवरून चोरून साचा काढून दिला होता. साचे काढायच्या पातळ रबराजवळ कोण जात होतं, अशी चौकशी सुरू झाली. एक बाई म्हणाली, ही रोज जेवणाच्या सुट्टीत ब्रश घेऊन रबराच्या खोलीत असायची, आठ दिवस.

"मग तू सांगितलं नाय, इंजिनासाठी म्हणून?"

"सांगितलं ना. सगळी हसली. म्हणे, विमानाचं इंजिन करते ही. शेठ म्हणाले, दाखव, नायतर येऊ नको."

आता लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी तिच्या बाजूला नव्हते. माझ्या मनात आलं, एवढ्याशा सिलिंडरला आठ दिवस कशाला? रबर मिळवायला तिला कोणी मदत केली? तिने त्या बदल्यात काही दिलं तर नाही? मी विचारलंच.

"आठ दिवस का लागले, आई?"

तिने माझ्याकडे बघितलं. "एक थर सुकल्याशिवाय दुसरा लावता येत नाय. आणि सुट्टी एकच असते दिवसाला." मग म्हणाली, "तू पण काय गो?"

रात्रभर मला ते "तू पण" ऐकू येत राहिलं.

सकाळी मी सरांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. साचा, आई, पुट्टी, नदी. शेवटी म्हटलं की इंजिन एक दिवस पेणला न्यायचंय. सर टेबलावर पेन्सिल फिरवत ऐकत होते.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला होतात, हाताने केलं तर वेगळं येतं."

"म्हणालो होतो." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "खऱ्या इंजिनाचे भाग काय एकेक कोरून काढतात? तेही साच्यातच ओततात. मला एवढंच कळेना की एवढा सफाईदार साचा तुला कुठून मिळाला." त्यांनी कुलूप काढलं आणि इंजिन वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. अर्जाचं काहीच बोलले नाहीत. माझ्यावर विश्वास बसला की नुसती दया आली, ते मला कळलं नाही.

पेणच्या कारखान्यात मी पहिल्यांदाच आत गेले. रांगेने पांढऱ्या मूर्ती, सगळ्या बिनडोळ्यांच्या. रबराचा झोंबणारा वास आला, आई घरी यायची तेव्हा तिच्या पदराला येई तोच. दारात एक माणूस बायकांच्या पिशव्या तपासत होता. त्याने माझीही उघडून बघितली. आई माझ्या मागे उभी होती.

शेठ वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी इंजिन हातात घेतलं. बायका काम थांबवून बघू लागल्या.

"हे प्लास्टर आपल्याकडचंच?"

"गोण्या फुटतात त्यातलं सांडलेलं," आई म्हणाली.

"आणि साचा कुठाय?"

मी म्हटलं, "टाकला."

"कुठं?"

"रोह्याला. नदीत."

एक बाई हसली. "बरोब्बर. पुरावाच वाहून गेला."

शेठने इंजिन टेबलावर ठेवलं. "हे बघ पोरी, इंजिन झ्याक आहे. पण हे दुकानातून आणलंस की हिच्या साच्यातून काढलंस, मी कसं ओळखू?"

"मागून बघा," आई म्हणाली. "बुडाशी माझी खूण हाय. तुम्ही करता तशी मी पण केली."

शेठने इंजिन उलटं केलं. आईने पुढे येऊन एकेका सिलिंडरच्या बुडावरून अंगठा फिरवला. पहिला. दुसरा. तिसऱ्यापाशी तिचा हात मंदावला. सगळीकडे माझा राखाडी रंग होता, गुळगुळीत. घासण्यात अकरा वर्षं गेलेल्या बाईला पुट्टी हाताला कळतेच. तिचा अंगठा चौथ्याकडे सरकला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

आठ झाले. नवव्याच्या बुडावर तेलाच्या डब्याचा ठोकळा होता, मी तो जरा वाकडा लावला होता. त्याच्या आत माझी काडी पोचली होती की नाही, मला आठवेना. रात्रीची वेळ होती, घाई होती. बुजवलीही असेल.

"तो ठोकळा काढते," मी म्हटलं. अंगठ्याने जोर दिला. ठोकळा निघाला आणि आपल्यासोबत शेजारच्या सिलिंडरचे दोन कंगोरे घेऊन गेला.

खाच होती. पांढरी, रंग न लागलेली. मधोमध तुटलेली चंद्रकोर.

आईने अंगठ्याचं नख तिच्यात टेकवलं. नखाचे दोन्ही भाग खाचेच्या दोन्ही बाजूंना बसले, मधली फट फटीवर आली. शेठने चष्मा खाली ओढला, वाकून बघितलं, आईचा अंगठा हातात धरून पुन्हा बघितलं. माझ्या समोर ते नख रोज होतं. मला ते ओळखू यायला हवं होतं.

"रबर विचारून घ्यायचं होतंस," शेठ म्हणाले.

"विचारलं असतं तर दिलं असतंत?"

"नाय."

"मग?"

शेठ हसले नाहीत. "उद्यापासून ये. पण डोळे यंदा नाय. पुढच्या वर्षी बघू." मग बायकांकडे वळून म्हणाले, "आणि बाकीच्यांच्या पिशव्या तपासणं चालूच राहील."

मूर्तीचा साचा चोरून कोणी दिला ते कधीच कळलं नाही. शेठने आईला परत घेतलं, पण जेवणाच्या सुट्टीत रबराच्या खोलीला कुलूप लागू लागलं, आणि डोळ्यांची गोष्ट आई पुन्हा बोलली नाही.

परतीच्या गाडीत इंजिन तिच्या मांडीवर होतं. जितं यायला आलं तेव्हा ती म्हणाली, "आठ बुजवल्यास."

"मला वाटलं, दोष आहे. सरांना दिसेल."

"दोष," ती म्हणाली. तेवढंच.

घरी मी सुई घेऊन बसले, पुट्टी उकरायला. तिने थोडा वेळ बघितलं आणि सुई माझ्या हातातून काढून घेतली. "तुझा हात जड हाय. कंगोरे तोडशील." तिने दारापाशी उजेडात बसून एकेक खाच मोकळी केली, फुंकर मारत. चार नीट निघाल्या. तीन खाचांच्या कडा झिजल्या. एक फारच खोल गेली, ती नखाची राहिलीच नाही. तिने ती तशीच ठेवली.

मोडलेल्या दोन कंगोऱ्यांच्या जागी मी तांब्याची तार गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सरांनी इंजिन आधी उलटं करून बघितलं, मग ड्रॉवरमधून अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. त्या छापील ओळीखाली मी लिहिलं, सिलिंडरचा साचा माझ्या आईने काढला आहे. सरांनी वाचलं, आणि सही केली.