मधुभाऊंची आठची हजेरी

मधुभाऊ गेल्याची बातमी मला टेलिफोनवर कळली. सकाळी कोर्टात निघायच्या घाईत होतो, बुटाची नाडी बांधत होतो, आणि कटंगीहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. "वकीलसाहेब, काका गेले... पहाटेच." मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर मला चक्क राग आला होता, एवढं मात्र आठवतं. ज्या माणसाशी मी इतकी वर्षं रोज संध्याकाळी रेडिओवर बोललो, ज्याच्या घरी टेलिफोन आल्यावरही आम्ही एकमेकांना कधी फोन केला नाही, त्याची शेवटची बातमी तारेवरून यावी हे मला पटेचना. त्या दिवशी कोर्टात दोन वेळा माझ्या नावाचा पुकारा झाला, तरी मला ऐकू आला नाही. आता दीड महिना होत आला. पुरवणीसाठी चार ओळी लिहा असा आग्रह झाला, म्हणून बसलो आहे. बोलायचं ते सगळं मधुभाऊच बोलायचे, मी आपला ऐकणारा. त्यामुळे हे लिहिणं मला जड जातंय.

मधुभाऊ म्हणजे कटंगीचे गुरांचे डॉक्टर. दिवसभर बैल, म्हशी, शेळ्यांशी बोलायचे, आणि जनावरं उलटून बोलत नाहीत याची भरपाई संध्याकाळी माणसांकडून करून घ्यायचे. आमची ओळख नागपूरची. हौशी लोकांना स्वतःचा रेडिओ बाळगून एकमेकांशी बोलता येतं, त्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि परवान्यासाठी परीक्षा. नव्वदच्या आसपास त्या परीक्षेला मी गेलो, तर बाहेरच्या बाकावर एक जाड भिंगांचा माणूस सगळ्या उमेदवारांना म्हशीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगत होता. मी बालाघाटचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला म्हटल्यावर त्यांनी मला जवळ ओढून बसवलं आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. परीक्षा दोघेही पास झालो. मग परवान्याआधी चौकशीला हवालदार घरी आला. माझ्याकडे तो दोन मिनिटांत आटोपला. मधुभाऊंकडे मात्र दुपारभर अडकून पडला. "साहब, आप किससे बात करोगे इस मशीन पे?" असं त्यानं विचारलं, आणि मधुभाऊंनी त्याला खरंच सविस्तर सांगितलं.

तेव्हा टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, आणि लागला तरी पावसाळाभर तो मेलेलाच असे. आम्ही चारपाच हौशी मंडळींनी मिळून बालाघाटबाहेरच्या टेकडीवर एक रिपीटर बसवला. म्हणजे एक पेटी आणि वर एक उंच एरियल. कटंगीहून निघालेला आवाज माझ्यापर्यंत सरळ पोचत नाही, मधे चढउतार, जंगल. पण टेकडीला तो ऐकू येतो, आणि टेकडी तोच आवाज दामदुप्पट जोरानं चहूकडे फेकते. गोंदियाला आमचा किशोर होता, कापडाचं दुकान सांभाळणारा. लांजीला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम होत्या, त्यांना मराठी कळायचं सगळं, पण बोलायच्या हिंदीतच. रोज रात्री आठ वाजता मी हजेरी घ्यायचो. नियमाप्रमाणे प्रत्येकाचं सरकारी संकेतनाव पुकारायचं, आणि सवयीनं त्यापुढे घरचं नावही. ज्याचं नाव येईल त्यानं बटण दाबून बोलायचं, बोलून झालं की बटण सोडायचं, मग दुसऱ्यानं. एका वेळी एकच माणूस. दुसऱ्याचं मधेच तोडायची सोयच नाही. वकिलानं ही शिस्त रोज पाळावी, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत होतं.

टेकडीवरच्या पेटीला मात्र एक मर्यादा होती. कोणी बटण सोडलंच नाही तर पेटी तापून जळू नये म्हणून तीन मिनिटांनी ती आपोआप बंद व्हायची. आम्हाला ही मर्यादा आहे हे कळलंच मुळी मधुभाऊंमुळे. गोष्ट ऐन रंगात यायची, रेडकाचे पाय दिसू लागायचे, आणि पेटी तोंड मिटायची. थोड्या वेळानं पुन्हा आवाज, "हं, तर काय सांगून राह्यलो होतो मी..." किशोर वैतागायचा. "डाक्टरसाहेब, आमाले बी बोलू द्या ना जी." त्यावर ते मनापासून म्हणायचे, "हौ हौ, बोल ना तू," आणि दुसरी म्हैस काढायचे. लांजीच्या मॅडम सांगायच्या की पेटी गप्प झाली की त्या उठून भाजीला फोडणी घालून येत.

त्यांच्या तोंडात बोलणं नसेल तेव्हा बिडी असायची. आवाज बसू लागला तेव्हा आम्ही त्यांची थट्टाच केली. सेट बदला, माईक धुऊन घ्या, काय काय म्हटलं. तपासण्या नागपूरला झाल्या. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते हजेरीला आले. घोगऱ्या, फाटक्या आवाजात त्यांनी आमची सगळ्यांची नावं एकेक करून घेतली, आणि मग म्हणाले, "बरं, आता तुम्ही बोला. मी ऐकतो." आणि बटण सोडलं. आपण बोलणं थांबवून दुसऱ्याला पाळी दिली, असं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केलं होतं. तोच त्यांचा आम्ही ऐकलेला शेवटचा आवाज.

ऑपरेशननंतर मी कटंगीला गेलो. बाजाराचा दिवस होता, बस गावाबाहेरच थांबली, मी गर्दीतून चालत त्यांच्या घरी पोचलो. गळ्यावर जाळीचं फडकं बांधून मधुभाऊ खाटेवर बसले होते. हातात पोरांची पाटी. श्वास आता गळ्याच्या भोकातून चालायचा. त्यांनी पाटीवर लिहिलं, सेट घेऊन जा. मी म्हटलं, "काहून घेऊन जाऊ? ऐकाले काय घसा लागते?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते रुसले नव्हते. त्यांना माझ्यासमोर रडायचं नव्हतं. सुमनवहिनींनी चहा आणून ठेवला. या बाईंना मी इतक्या वर्षांत चार वाक्यंसुद्धा बोलताना ऐकलं नव्हतं, नवऱ्यापुढे कोणाची पाळी येणार? मी चहा घेतला आणि सेट तिथेच ठेवून परतलो.

हजेरीत मात्र मी त्यांचं नाव घेत राहिलो. नाव घ्यायचं, थोडं थांबायचं, पुढचं नाव. किशोर एकदा म्हणालाच, "वकीलसाहेब, असं करून त्याइच्या जखमेवर मीठ कायले चोळता?" मलाही नीट माहीत नव्हतं. पण हयात माणसाचं नाव गाळायला माझी जीभ वळेना. इथे एक सांगायला हवं. सेटवर कोणी बोलत नसलं की खरखर चालू असते. ती बंद करायची सोय असते, पण एखादा दुबळा आवाज निसटू नये म्हणून मी ती चालूच ठेवतो. कोणी बटण दाबलं की खरखर थांबते. अगदी बोलायच्याही आधी, नुसत्या बटणानंच. आठवडे गेले. मग एका संध्याकाळी मी मधुभाऊंचं नाव घेतलं, आणि खरखर थांबली.

कोणी बोललं नाही. स्वच्छ, मोकळी शांतता आली आणि तिच्यात कुठेतरी घंटी वाजली. गाईच्या गळ्यातली. पाठोपाठ रवंथाचा तो ओला, सावकाश आवाज. मधुभाऊंनी माईक लांब तार लावून गोठ्यात नेला होता. मी म्हटलं, "मधुभाऊ, असाल तर दोनदा बटण दाबा." खट, खट. लांजीच्या मॅडमनी विचारलं, "भैंस है क्या, डॉक्टरसाब?" एकच खट. म्हणजे नाही. "गाय?" खट, खट. किशोर हसत सुटला, आणि हसता हसता त्याचा आवाज कापायला लागला.

पुढे हाच आमचा खेळ झाला. रोज एक आवाज आणि आम्ही ओळखायचा. टिनावरचा पाऊस, सुपात पाखडलेलं धान, तुमसरच्या बसचा भोंगा, वहिनींचं लाटणं, बाजारात पालं उठताना बांबू आपटल्याचा आवाज. आयुष्यभर ज्यांनी कोणाचं ऐकलं नाही ते मधुभाऊ आता कान देऊन गाव ऐकत होते आणि त्यातलं निवडून आमच्यापर्यंत पोचवत होते. मला ते गोष्टींच्या दिवसांपेक्षाही जवळचे वाटू लागले, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी पाटीवर काहीतरी वात्रट लिहिलं असतं. एका संध्याकाळी मात्र एक वेगळाच आवाज आला. बारीक शीळ, मग घरघर, पुन्हा शीळ. किशोर म्हणाला, लोहाराचा भाता. एक खट. मॅडम म्हणाल्या, साइकिल का पंप. एक खट. मी म्हटलं, दाराच्या फटीतलं वारं. एक खट. मग मागून वहिनींचा हलका आवाज आला, "पुरे न जी आता... फडकं बांधू द्या." तेव्हा आम्हाला कळलं की माईक त्यांच्या गळ्याशी होता. ज्या भोकाची त्यांना एवढी लाज होती ते त्यांनी आम्हाला ऐकवलं. कोणी काही ओळखलं नाही, म्हणजे बोलून दाखवलं नाही. मी पुढचं नाव घेतलं.

त्यानंतर दुखणं उलटलं. आधी आवाज बंद झाले, गोठ्यापर्यंत जायचं त्राण राहिलं नाही. नाव घेतलं की नुसतं खट, खट. मी रोज विचारायचो, "जेवले का, मधुभाऊ?" खट, खट. "झोप येते का?" खट, खट. सगळ्यालाच हो. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा ते हो आलं होतं.

मृत माणसाचं संकेतनाव पुन्हा पुकारत नाहीत, अशी आम्हा लोकांत रीत आहे. आणि परवाना नसलेल्याच्या घरी सेट राहू नये, असा नियम. मी नियमाचा माणूस. कोर्टातून कटंगीला जाऊन अंत्यसंस्काराहून परतलो त्या संध्याकाळपासून मी नाव गाळलं, आणि तेरवीच्या दिवशी सेट आणायला म्हणून पिशवी घेऊन कटंगीला गेलो. मंडळी पांगल्यावर वहिनी समोर येऊन बसल्या. सेट त्यांनी पुसून ठेवला होता. मी पिशवी उघडली, तशा त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्याइच्या बोटात जोर नव्हता, भाऊजी. तुम्ही इचारलं का ते डोळे मिटत. मंग बटण मी दाबून देत जाव. झोप येत नव्हती त्याइले. पण ते खुणेनं सांगत, हौ म्हण." मी पिशवी बाजूला ठेवली. त्यांनीच पुन्हा विचारलं, "आता काहून नाही घेत त्याइचं नाव? मी आठ वाजता लावून बसतो रोज. तुम्ही समद्याइचे नावं घेता, अन् थे आलं का पुढं चालले जाता. घरात दुसरं कोणीच नाही घेत, सगळे 'थे, थे' म्हणतात." नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलेलं नव्हतं. त्या घरात ते नाव आता फक्त माझ्या तोंडून येणार होतं.

माईकची तार सेटपासून सोडवून मी माईक तेवढा पिशवीत घातला. सेट ऐकण्यापुरता तिथेच राहू दिला. नियमाचं काय ते मी बघून घेईन.

तेव्हापासून रोज आठ वाजता मी पुन्हा नाव घेतो. संकेतनाव नाही, ते त्यांच्याबरोबर गेलं. नुसतं "कटंगी, मधुभाऊ" म्हणतो आणि बटण सोडून थांबतो. किशोर थांबतो, मॅडम थांबतात, आणि तिकडे वहिनी ऐकत असतात. लोक म्हणतात, ती दोन घटका शांतता पाळता ते बरं करता. शांतता नसते हो ती. मधुभाऊ बटण दाबून गप्प असायचे तेव्हा खरखर थांबायची. आता ती थांबत नाही.