एकशे चौदा नंबरच्या ट्रेमधले जास्तीचे बुश

"हे बुश कस्टमरकडून परत आलेत. सगळ्या ट्रेंवर एकच टोकन नंबर आहे, एकशे चौदा. चार वाजेपर्यंत मेमो तयार पाहिजे."

वर्क्स मॅनेजर बर्वे साहेबांनी ट्रे टेबलावर असा आदळला की माझा चहा गेजच्या पेटीत सांडला. गेज म्हणजे मोजमापाचं अवजार. त्यावर चहा सांडणं आमच्या खात्यात पाप समजलं जातं. मी आधी पेटी पुसली, मग ट्रेकडे पाहिलं.

वाळूजच्या एका कारखान्यात मी तेव्हा क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. शहराला औरंगाबाद म्हणत. माळरानावर रोज नवी शेड उभी राहत होती आणि विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न लोंबकळत पडला होता. आज मोर्चा, उद्या बंद. क्रांती चौकात मोर्चा आला की शिफ्टची बस अडकायची, अर्धे ऑपरेटर उशिरा यायचे आणि बोलणी मात्र इन्स्पेक्शनला बसायची, कारण आम्ही आधीच आलेलो असायचो.

एकशे चौदा म्हणजे याकोब खंडागळे. पंचेचाळिशीचा, शहरातल्या छावणी भागात राहणारा, लेथवरचा आमचा सगळ्यात जुना माणूस. डाव्या हाताची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली. त्यामुळे काम जरा सावकाश, पण त्याचा जॉब मी डोळे झाकून पास करावा असा. त्याला एक मेमो आधीच मिळालेला होता, टार्गेट कमी पडल्याबद्दल. दुसरा मिळाला की गेटबाहेर, हे सगळ्या मशीन शॉपला माहीत होतं.

बुश म्हणजे पोलादाचं पातळ कडं. त्याच्या आत शाफ्ट फिरतो, म्हणून छिद्र तंतोतंत गोल लागतं. मी गेजला निळा रंग लावून एका बुशात फिरवला. छिद्र गोल असतं तर रंग सगळीकडे लागला असता. तो तीनच ठिकाणी लागला. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यातही तीन.

याचं कारण आमच्यात कोणीही सांगेल. लेथवर जॉब पकडायला तीन बोटांचा पंजा असतो, त्याला चक म्हणतात. चक फार आवळला की पातळ कडं दाबलं जातं. त्या दाबलेल्या अवस्थेत छिद्र गोलच पडतं. पण चक सोडला की कडं मोकळं होतं आणि छिद्र तिकोनी होऊन बसतं. ही चूक घाईतल्या, अंगात रग असलेल्या माणसाची. याकोबच्या त्या हातानं चक इतका आवळणं शक्यच नव्हतं.

मी त्याला बोलावलं. त्यानं एक बुश उजेडाकडे धरला, बाहेरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

"माझा हात नाय हा, साहेब."

"ते मलाही कळतंय. मग कोणाचा?"

तो अंगठ्याचं तेल फडक्याला पुसू लागला.

"याकोब, तुझ्या टॅगखाली दुसऱ्याचा माल आलाय. कोणाचा आहे ते तुला समजलंय. तोंडावर दिसतंय तुझ्या."

"व्हय, समजलंय. पण मी नाय सांगणार. त्याचं त्यानं सांगायला पायजे."

"अरे, चार वाजता मेमो निघेल! दुसरा मेमो!"

"निघू द्या."

"हे चर्च नाही याकोब, शॉप आहे!"

"शॉपच हाय, साहेब," तो शांतपणे म्हणाला आणि मशीनवर निघून गेला. शांत माणसांचा मला मनस्वी राग येतो. आपण ओरडलो की आपणच मूर्ख ठरतो.

मग मी प्रॉडक्शनच्या गफूरभाईंकडे गेलो. ट्रेमधले नग मोजून ऑपरेटरच्या कार्डाशी ताडून पाहणं हे त्यांचं काम. याकोबची कार्डं काढली. प्रत्येक कार्डावर त्यानं लिहिलेला आकडा खोडलेला आणि बाजूला लाल पेनानं मोठा आकडा. रोज वीस-पंचवीस नग जास्त.

"हे काय, गफूरभाई?"

"अब क्या बोलूं साब, उस बेचारे को गिनती नै आती. रोज कम लिखता. मैं सुधार देतूं."

"किती दिवस?"

"होंगे चार-पाच महिने."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"माल जादा निकला तो कौन शिकायत करता, साब?"

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. सगळे कॅन्टीनला गेले. मी माझा डबा न उघडता रॅकमागे उभा राहिलो. दहा मिनिटांत एक लेथ चालू झाल्याचा आवाज आला. सात नंबर. त्यावर भानुदास होता. तिशीच्या आतला, मनगटं खलबत्त्यासारखी. चक आवळताना तो पान्याला अंग झोकून लोंबकळत होता. बघून माझेच दात शिवशिवले. वीसेक मिनिटं त्यानं घाईघाईनं बुश काढले, मग ओंजळीत घेऊन एकशे चौदाच्या ट्रेमध्ये हलकेच, आवाज न करता सोडले.

"भानुदास."

तो दचकला, पण पळाला नाही. उलट सुटल्यासारखा खाली बसला.

मी दोघांना केबिनमध्ये घेतलं. दार लावलं. भानुदासला म्हटलं, "बोल."

तो बोलायला लागला ते बुशबद्दल नव्हतंच.

दोघं एकाच गावचे. याकोबचं घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती, पण वस्ती गावकुसाबाहेरचीच. नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली, तेव्हा या गावातही एक जमाव वस्तीवर गेला. कोणाच्या भिंतीवर कोणाचा फोटो आहे ते जाळणाऱ्यांनी बघितलं नाही. भानुदास तेव्हा जेमतेम अठराचा.

"रॉकेलचा डबा माझ्या हातात व्हता, साहेब. याकोबदादाच्या घरावर म्याच वतला. आत त्यांची म्हातारी हाय हे मला ठावं नव्हतं. देवाशपथ ठावं नव्हतं."

याकोबनं आईला बाहेर काढलं. म्हातारी वाचली. त्याची बोटं गेली. घरदार सोडून ते छावणीत आले. जमावात कोण कोण होतं हे याकोबला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे भानुदास इथं कामाला लागला आणि त्याला लेथ शिकवायला नेमका याकोब मिळाला.

मी याकोबकडे पाहिलं. "तुला हे केव्हा कळलं?"

"सालभर झालं. क्रांती चौकात बस अडकली व्हती. बाहेर घोषणा चालू व्हत्या. ह्यो माझ्या शेजारी बसून रडाया लागला आन् सगळं सांगितलं."

"मग तू काय म्हणालास?"

"तीन दिवस काय नाय म्हणलो. जेवण गेलं नाय. चवथ्या दिवशी म्हणलो, माफ केलं."

"झालं! आणि हे त्याचं फळ," मी टेबलावरचे बुश दाखवले.

भानुदास उसळला. "फुकटची माफी गिळंना, साहेब! एक थोबाडीत मारली असती तर मी मोकळा झालो असतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ह्ये रोज हसून बोलत्यात. ह्यांची बोटं दिसली की मला घास जात नाय. टार्गेट कमी पडतंय, नोकरी जाईल म्हणून कळलं, तवा म्हणलं आपून भरून काढू. बोटं म्याच जाळली, तर त्या बोटांचं काम म्याच कराया पायजे."

याकोब त्या सबंध दिवसात पहिल्यांदा चिडला. "आन् मला वाटलं कंपनी सांभाळून घेती! पाच महिने मी देवाचे आभार मानतोय त्याबद्दल!"

मला हसू येत होतं आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशीही वाटत होती.

"याकोब," मी म्हणालो, "तूही थोडं समजून घे. माणसाला फेडल्याशिवाय चैन पडत नाही. घे ना त्याच्याकडून काहीतरी. एक शिक्षा दे, संपव विषय."

"नाय जमणार, साहेब. आमच्यात असं हाय की माणूस कितीबी चांगला वागला तरी त्या जोरावर देवापुढं पास व्हत नाय. तारण कमवून मिळत नाय. येशूनं आपल्यासाठी जीव दिला, त्याच्यावर इस्वास ठेवायचा आन् ते घ्यायचं. त्यालाच कृपा म्हणत्यात. मलाच जर फुकट मिळालंय, तर मी ह्याला कशाच्या बदल्यात देऊ? आन् बदल्यात दिलं तर ती माफी ऱ्हाती का?"

"मग उद्या कोणीही काहीही करावं आणि माफी घ्यावी. नियम कशाला हवेत?"

"माफी मिळावी म्हणून नीट नाय वागायचं, साहेब. मिळाली म्हणून वागायचं."

मला त्या वेळी हा शब्दांचा खेळ वाटला. आमच्या धंद्यात कृपा नसते. गेज जातो किंवा जात नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. याकोब म्हणाला, "बरोबर हाय. बुशाला कृपा लावू नका. रिजेक्ट करा."

चार वाजता मी बर्वे साहेबांपुढे उभा राहिलो. एकाच्या टॅगखाली दुसऱ्याचा माल, चक जास्त आवळला, ऑपरेटर भानुदास, सगळं सांगितलं. जाळपोळीचं सांगितलं नाही. ते माझं सांगण्याचं नव्हतं.

"म्हणजे एकजण दुसऱ्यासाठी फुकट काम करत होता? का?" साहेबांनी विचारलं.

"उपकाराचं ओझं वाटत होतं म्हणून."

"नॉन्सेन्स. चार दिवस सस्पेंड करा त्याला."

हे सांगायला शॉपमध्ये गेलो तर भानुदासचा चेहरा खुलला. "चारच? आठ करा की साहेब!" मी कपाळावर हात मारला. याकोब म्हणाला, "कंपनीची शिक्षा कंपनीला देऊ द्या. पण भानुदास, ती माझ्यासाठी भोगू नको. माझ्याकडचं कवाच संपलंय."

टार्गेटचं खरं चित्र आता उघडं पडलं होतं, म्हणजे याकोबची नोकरी पुन्हा धोक्यात. मी दोन दिवस बर्वे साहेबांच्या मागे लागून त्याला इन्स्पेक्शनला मागून घेतलं. असा डोळा आणि असा अंगठा मला कुठल्याही जाहिरातीतून मिळाला नसता. साहेब वैतागून म्हणाले, "घ्या, पण पुन्हा तिकोनी बुश दिसला तर तुम्हाला पाठवीन पॅकिंगला."

सस्पेन्शन संपल्यावरच्या रविवारी याकोबनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. त्याची बायको मार्थाबाई, म्हातारी आई, छोटंसं स्वच्छ घर. मी वेळेवर गेलो. भानुदासचा पत्ता नाही. भूक लागून माझं डोकं फिरायला लागलं, तेव्हा दार उघडून पाहिलं. तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता. पायाशी ज्वारीचं पोतं, काखेत कोंबडी, हातात साडीची पिशवी.

"अरे, आत ये ना! अर्धा तास झाला!"

"याकोबदादा म्हणत्यात काय आणू नको. पर रिकाम्या हातानं म्हातारीपुढं कसं जाऊ, साहेब?"

याकोब बाहेर आला. म्हणाला, "ते पोतं शेजारच्याला दे, नायतर परत ने. तुला आत यायचं आसंल तर तसाच ये. भाकर घ्यायला हात मोकळे लागत्यात."

भानुदास खूप वेळ तसाच उभा राहिला. त्याच्या घरातलं कोणी गावाबाहेरच्या त्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी कधी प्यालं नव्हतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की कोंबडी फडफडतेय आणि माणूस रडतोय. शेवटी त्यानं सगळं शेजारच्या ओट्यावर ठेवलं आणि आत आला. म्हातारीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला कोणीतरी सगळं सांगितलं असावं. तिनं टोपल्यातली भाकरी काढली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि त्याच्यापुढे धरली. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

तो चार भाकरी जेवला.

भानुदास ख्रिस्ती झाला का, असं मला लोक विचारतात. नाही झाला. याकोबनंही कधी आग्रह केला नाही. "मी सांगितलंय, पुढचं देवाचं" एवढंच म्हणायचा. मी स्वतः त्याच्या तारणाबद्दल कायम वाद घालत राहिलो आणि कधी जिंकलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भानुदास माझ्याकडे रजेचा अर्ज घेऊन आला. त्याच्या सुपरवायझरनं नकार दिला होता म्हणून वशिला हवा होता. कारण विचारलं तर म्हणाला, याकोबचा भाऊ गावी परत राहायला गेलाय, त्याच्या घराची भिंत बांधायला जायचंय. माझा पारा चढला. "पुन्हा सुरू झाली का तुझी फेड? ट्रे संपले, आता भिंती?"

"नाय, साहेब," तो म्हणाला. "भिंत पडलीया. म्हणून बांधायची."

मी अर्जावर सही घेऊन दिली. टॅगपेक्षा जॉब बघावा, हा या प्रकरणातून मी घेतलेला धडा. कार्ड लाल पेनानं सुधारू नये, हा गफूरभाईंनी घेतला. निदान आठवडाभर तरी.