शेजारच्या सरीतले सर

आमचं हायस्कूल बीड शहर संपतं तिथं, नेकनूरकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. एका अंगाला नोकरदारांची कॉलनी, दुसऱ्या अंगाला आमची पत्र्याच्या घरांची वस्ती आणि मध्ये शाळा. कॉलनीतली पोरं 'अ' तुकडीत, आम्ही 'ब'मध्ये. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण होतं तसंच.

आमचे वर्गशिक्षक भूगोल आणि गणित शिकवायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. फळ्याकडून वर्गाकडे वळताना ते आधी दोनदा खाकरायचे. तेवढ्यात आम्ही सरळ बसून घ्यायचो. मारकुटे नव्हते, पण आमच्या वस्तीत त्यांचा दरारा होता. माझी आई रस्त्यात त्यांना बघितलं की डोक्यावरची घागर सावरून बाजूला उभी राहायची.

त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला. शाळेचा हापसा श्रावणातच कोरडा पडला. कपिलधारला सहल नेली तर धबधब्याच्या जागी नुसता ओला डाग. दसऱ्यानंतर वस्तीतली घरं एकेक करून बंद व्हायला लागली. आईवडील दर साली ऊसतोडीला जायचे, मी आजीजवळ राहायचे. पण त्या उन्हाळ्यात आजी गेली होती. त्यामुळं मलाही न्यायचं ठरलं.

हे सरांना कळलं तसे ते घरी आले. बाजेवर बसले. आईनं कोरा चहा दिला.

"पोरीला नेऊ नका. नववीचं वर्ष आहे. एकदा दप्तर सुटलं की सुटलं."

"कुनापाशी ठेवू सर?" वडील म्हणाले. "म्हातारी व्हती तवर भागलं. आता घरात कुनी न्हाई."

"काहीतरी सोय करू. एखाद्या मैत्रिणीकडे राहील."

वडिलांचा तोल गेला. "तुमाला काय कळायचं आमचं, सर? पगारी मानूस तुमी. पाऊस पडो न्हाईतर न पडो, एक तारखेला पगार हाय तुमाला."

सरांनी चहा संपवला, कप स्वतः उचलून चुलीजवळ नेऊन ठेवला आणि गेले.

दिवाळी झाली आणि आम्ही ट्रकमध्ये बसलो. नदीकाठचा सहकारी साखर कारखाना. आम्ही टँकरच्या गावाहून आलेलो. तिथला भरून वाहणारा कालवा बघून मी किती वेळ नुसती उभीच राहिले. कारखान्याजवळच्या माळावर पाचटाच्या खोप्या उभ्या राहिल्या. आईवडील मिळून एक कोयता. तोडणारं जोडपं म्हणजे एक कोयता, असंच तिथं मोजतात. माझ्याकडं मोळ्या बांधायचं काम.

तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या सरीत एक नवं जोडपं आलं. बाप्याच्या तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, फक्त डोळे दिसायचे. त्याला तोडता येत नव्हतं. कोयता बुडाशी लागायच्या ऐवजी वीतभर वर लागायचा. मुकादम ओरडला, "ए, खालून घे बे! साखर जमिनीत सोडतो का?"

तो माणूस वाकला आणि खाकरला. दोनदा.

मी बांधत होते ती मोळी तशीच सुटली. मला वाटलं, आपल्याला ताप आलाय. मी म्हणाले, "सर?"

त्यानं वर बघितलं नाही. कोयता चालवत राहिला. पण पाठ दिसत होती, खांदा दिसत होता. फळ्यावर नकाशा काढताना वर-खाली होणारा तोच उजवा खांदा. मी आईला धरलं. "आई, सर हायेत ते."

"येडी का काय तू," आई म्हणाली आणि मग तिनंही बघितलं. तिनं चटकन डोक्यावर पदर घेतला. कापणीतल्या उसात, हातात कोयता घेऊन, पदर घेतला.

दुपारी भाकरी खायला सगळे बांधावर बसले तेव्हा लपून राहणं शक्यच नव्हतं. सरांनी टॉवेल सोडला. गालावर पाच-सहा ठिकाणी पाल्यानं चिरलं होतं. वडील त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सर, तुमी कावून हितं?"

"तुम्ही आलात तसाच," सर म्हणाले. मग फडक्यातली भाकरी सोडत, "सात वर्षं झाली. आमच्या तुकडीला मान्यता आहे, अनुदान नाही. आज होईल, उद्या होईल म्हणत एक पगार मिळाला नाही. सासऱ्यांची जमीन होती, तिच्यावर भागत होतं. दोन साल तीही पिकली नाही."

वडील खाली बसले. त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरंच, सगळ्यांसमोर. "म्या काय बोललो व्हतो तुमाला! माझ्या जिभेला काही हाड हाय का!"

"अहो, तुम्हाला काय माहीत," सर म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "पुस्तकं आणलीस?"

मी मान हलवली. नाही.

"मी पण नाही आणली," ते म्हणाले.

त्यांच्या बायको बारावी शिकलेल्या होत्या. पहिले आठ दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मोळी कशी बांधायची ते त्यांना माहीत नव्हतं. वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन दोर कसा करायचा, हे आईनं शिकवलं. आधी आई त्यांना 'बाई' म्हणायची, मग कधीतरी 'अगं' म्हणायला लागली. एकदा त्या आईला म्हणाल्या, "सासूबाईंना सांगितलंय, ह्यांचं पुण्याला ट्रेनिंग आहे, म्हणून दोघंही तिकडं." आई हसली नाही. "बरं केलंस," म्हणाली.

सरांनी त्या पाच महिन्यांत मला एकदाही शिकवलं नाही. लोक ऐकतात तेव्हा त्यांना वाटतं, सरांनी खोपीत कंदिलाजवळ बसून भूगोल शिकवला असेल. तसं काही झालं नाही. माणूस दमून खोपीच्या खांबाला टेकायचा आणि बसल्या जागी झोपायचा. मुकादम त्यांना 'ए सर' म्हणून हाक मारायचा आणि तोडणारे हसायचे. पुढं पुढं हसणंही थांबलं, ते त्यांचं नावच झालं. मला राग यायचा, पण कुणाचा ते कळायचं नाही. खरं सांगायचं तर मला सरांचाही राग यायचा. ते असे इथं दिसायलाच नको होते.

पाडव्याच्या आसपास पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम संपला आणि आम्ही परतलो. परीक्षा तोंडावर आलेली. मी घाबरत हेडसरांच्या खोलीत गेले. इतके महिने गैरहजर, परीक्षेला बसू देतील का? त्यांनी हजेरीपुस्तक उघडून माझ्यासमोर सरकवलं.

माझ्या नावासमोर सगळ्या महिन्यांत 'ह' होता. हजर. एखाद-दोन दिवस आजारी दाखवलं होतं, खरं वाटावं म्हणून. माझ्या वरच्या, खालच्या, ऊसतोडीला गेलेल्या सगळ्या पोरांच्या नावांसमोर तसंच.

"पट कमी झाला तर तुकडी बंद होते," हेडसर म्हणाले. "तपासणी आली तेव्हा 'अ'मधली पोरं तुमच्या बाकांवर बसवली होती. जा, अभ्यास कर."

"आणि आमचे सर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तेही हजर होते," हेडसर म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

मी व्हरांड्यात आले. आमच्या वर्गात सर शिकवत होते. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं. मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनीच हातानं आत ये म्हणून खुणावलं.

दोन वर्षांनी 'ब' तुकडी बंदच झाली. तोवर मी दहावी पास झाले होते. पुढं अंबाजोगाईला नर्सिंग केलं. तिथल्या बसस्टँडवर एकदा 'अ' तुकडीतली एक मैत्रीण भेटली; तिचे वडील आमच्याच शाळेत शिक्षक होते, पगारी. बोलता बोलता मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती हबकून जाईल.

"आम्हाला माहीत होतं की," ती म्हणाली. "सगळ्यांनाच माहीत होतं. स्टाफरूममध्ये त्यांच्यासाठी हातमोजे आणायचं ठरलं होतं. मग राहून गेलं."

तिची बस लागली. ती पर्स सावरत चढली आणि खिडकीतून हात हलवला. मीही हलवला असेल. माझी बस येऊन निघून गेली तरी मी तिथंच बाकावर बसून होते.