दीड साडीचा रस्ता

माझ्या मावससासऱ्यांइतका तापदायक माणूस आमच्या अख्ख्या गोडादरा वस्तीत नसेल. त्यांचं म्हणणं बरोबर असतं, हा तर आणखी ताप. उभा जन्म साड्या विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात गेल्यामुळे काका जगातली कुठलीही लांबी-रुंदी साडीनेच मोजतात. आमची गल्ली दीड साडी रुंद. महानगरपालिकेने ती नव्याने बांधायला काढली, तेव्हा त्यांनी अर्ज दिला: ‘सगळी साडी गाडीवाल्यांनीच नेसली आहे. पदर पायी माणसाला आणि काठ सायकलवाल्याला द्यावा.’ मीटरमध्ये लिहा म्हणून अर्ज परत आला. मी बँकेत आहे, म्हणून मीटर माझ्या गळ्यात.

या सगळ्याचं मूळ काकांची बायको, मावशी. तिला एका डोळ्याने दिसत नाही, पण कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध तीच आणणार, तेही एकटी. एका मोपेडवाल्याने तिला पाडलं, मनगट मोडलं आणि वर म्हणाला, “माजी, देखके चलो ना!” दिसत नाही तिने बघून चालायचं आणि दोन्ही डोळेवाल्याने मोबाइल बघायचा! काकांनी तिचं बाहेर जाणं बंद केलं. मावशीने त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

मग काका पेटले. सूत गुंडाळायचे रिकामे, पुठ्ठ्याचे शंकूसारखे कोन आणून, वाळू भरून, त्यांनी वळणावर ओळीने मांडले. गाड्या हळू झाल्या, शिव्या वाढल्या. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या माझ्या स्कूटरच्या सीटवरही एक कोन! मी तणतणत गेले. “माय, हाऊ रस्ता कोना शे?” त्यांनी शांतपणे विचारलं. रस्ता कुणाचा, हे मला विचारतात! मी जास्तच चिडले.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, “पण काका, फूटपाथ झाला तर गाडी क्यां मूकवानी?” गाडी लावायची कुठे, हाच त्यांचा घोर. काकांनी दुधाने भरलेलं पातेलं त्यांच्या हातात दिलं. “डेअरीपर्यंत जाऊन या. सांडलं तर फूटपाथ.” सेक्रेटरी परतले ते थेट पँट बदलायला.

फूटपाथ झाला. एकाच बाजूला, तोही अरुंद, आणि त्यावर बुलेट चढवणारे महाभाग आहेतच. त्यांच्याशी हल्ली मी भांडते, काकांचा जोर ओसरलाय. सकाळी “चहा ठेवा, आलेच” एवढंच सांगून मावशी पुन्हा दुधाची किटली घेऊन निघते, एक हात भिंतीला लावत. काका उंबऱ्यात येऊन तिच्या पाठीकडे बघत राहतात. आत चहा उकळून आटतो, तरी ते उंबऱ्यातून हलत नाहीत.