सासऱ्यांवर रंगाचे दोन हात

निवृत्त झाले त्या वर्षी मी माझ्या सासऱ्यांवर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात दिले.

(घाबरू नका. सासरे तेव्हा हयात नव्हते. माझ्या लग्नाआधीच ते गेले होते, त्यामुळे प्रतिकार होण्याचा प्रश्नच नव्हता.)

आता सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा त्या वेळच्या मला हसायचा अधिकार मला मिळाला आहे असं मी धरून चालते. अठ्ठावन्न वर्षांची अल्लड पोर ती! शाळेच्या निरोप समारंभात उभी राहून तिने जाहीर केलं की, यापुढे मी फक्त तीन गोष्टी करणार: भरपूर फिरणार, चित्रं काढणार आणि जुन्या तबकड्या ऐकणार. टाळ्या पडल्या. या तीन गोष्टी एकमेकींच्या मुळावर उठतील हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. वर्गात बत्तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईंना तर नव्हतंच.

सुरुवात चित्रांनी झाली. कॉलेज रोडवर एक क्लास होता. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान, पण तिला सगळे ‘बाई’ म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. ती म्हणाली, कॅनव्हासच पाहिजे असं काही नाही, घरातल्या टाकाऊ वस्तूंवरही सुंदर चित्रं होतात. मी लगेच टाकाऊ वस्तू शोधायला माळ्यावर चढले. (पहिली वस्तू खाली स्टूल धरून उभी होती, पण तिच्यावर रंग टिकला नसता.)

ती वस्तू म्हणजे माझा नवरा, दिनकर. लेखात मी नाव घेते, समोर ‘अहो’ म्हणते. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. कमी बोलायचं आणि नटबोल्ट घट्ट करायचे, हा त्याचा स्वभाव.

माळ्यावर तबकड्यांचा खोका सापडला. रेकॉर्ड प्लेयर कधीच बंद पडला होता. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर मनीप्लांट, अशी त्याची सोय मी लावली होती. म्हणजे तबकड्या ऐकायची गोष्ट अजून दूर होती आणि चित्रकला तर दारात उभी. तबकड्या गोल, गुळगुळीत, काळ्याभोर. एका बाजूला चित्र काढायचं, दुसरी बाजू भिंतीकडे. मी धडाधड रंगवत सुटले. गंगापूरचं धरण, द्राक्षांचे मळे, गोदाकाठ. खोक्यात एकच तबकडी लहान होती, नाश्त्याच्या ताटलीएवढी. तिच्यावर मी त्रिरश्मी लेणी काढली. डोंगर पिवळा केला आणि लेण्यांच्या दारांची जागा तशीच सोडली. काळी तबकडी आयती होती, दारं फुकटात झाली. मधल्या लेबलवर सूर्य काढला. सूर्याला मधोमध भोक राहिलं, ते राहू दिलं. बाई म्हणाल्या होत्या, रंग जाड द्या, चित्राला वजन येतं. मी एकावर एक असे दोन हात दिले.

मग प्रवास सुरू झाला. कुणाकडे मुक्कामाला जायचं तर हात हलवत कसं जाणार? लोक मिठाई नेतात, मी चित्रं नेली. प्रत्येक घरी चित्र उघडलं की क्षणभर शांतता पसरायची. त्या शांततेला मी भारावून जाणं समजायचे.

इकडे दिनकरलाही निवृत्तीचा कंटाळा आला होता. एक दिवस त्याने मनीप्लांट खिडकीत ठेवला, क्रोशाचा रुमाल घडी करून माझ्या हातात दिला आणि रेकॉर्ड प्लेयर उघडून बसला. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर स्क्रू होते. आतला पट्टा कुजला होता, तर याने सायकलच्या ट्यूबचा कापून बसवला. सुई कुठूनशी मागवली. शेवटी चकती फिरायला लागली तेव्हा त्याने आधी मला सांगितलं नाही, मनमाडला आक्कांना फोन लावला.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. फोन ठेवून तो आला. चेहरा असा की, मला वाटलं काही वाईट बातमी आहे.

“आक्का रविवारी येतेय. बाबांची रेकॉर्ड ऐकायला.”

या रेकॉर्डविषयी मी ऐकून होते. माझे सासरे एका गायन पार्टीत होते. जयंतीच्या दिवसांत ही पार्टी गावोगाव भीमगीतं गायची, आणि एकदा मुंबईला जाऊन त्यांनी एक तबकडी काढली होती. सासरे मुख्य गायक नव्हते, मागच्या कोरसात होते. पण त्यांचा आवाज जगात तेवढ्या एका जागी उरला होता. ती तबकडी आक्कांकडे असणार, अशी माझी आपली समजूत.

“आक्कांनी जपून ठेवलीय वाटतं,” मी म्हटलं.

“तिच्याकडे कुठे? तिने मला देऊन वर्षं झाली. माळ्यावर आहे. छोटी आहे बघ, एकच. तू रंगवल्यास त्या सगळ्या मोठ्याच होत्या ना.”

मी भात शिजला का बघायला स्वयंपाकघरात गेले. (भात सकाळीच झाला होता.)

तो सांगत मागे आला. आक्कांचा एक कान गेला होता आणि दुसराही चालला होता. डॉक्टरांनी मशीन सुचवलं होतं. मशीनमधून बोलणं कळेल, पण गाणं पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाजतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. म्हणून आहे तो कान आहे तोवर त्यांना एकदा बाबांना ऐकायचं होतं. एवढं सगळं तो एका दमात बोलला. लग्नानंतर एका दमात एवढं तो पहिल्यांदाच बोलत होता आणि नेमकं त्यावर मला उत्तर द्यायचं होतं.

मी सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“कशाचं चित्र काढलंस?”

“त्रिरश्मी लेण्यांचं.”

“बरं,” तो म्हणाला. “बाबांना लेणी आवडायची.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

ते चित्र मी लासलगावला कुसुमला दिलं होतं. कुसुम माझी शाळेतली मैत्रीण, तिच्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला. मी फोन केला. ‘हो हो, आहे ना, समोरच्याच भिंतीवर आहे, येणारा-जाणारा विचारतो कोणी काढलं म्हणून,’ असं तिने सांगितलं. मी इतकी खूश झाले की, क्षणभर फोन कशाला केला तेच विसरले. मग म्हटलं, उद्या येतो आम्ही, थोडं काम आहे त्या चित्राशी. फोनवर पुन्हा तीच शांतता पसरली. आता मात्र ती भारावल्याची वाटेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्कूटरवरून लासलगावला. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर, मागे कांद्याचे ट्रॅक्टर, मधे आम्ही. कुसुमच्या समोरच्या भिंतीवर खिळा होता आणि खिळ्यावर खतांच्या दुकानाचं कॅलेंडर.

“जय भीम, जय भीम, या,” म्हणत ती आली आणि माझ्याकडे न बघता दिनकरशी बोलायला लागली. चहा झाला, पोहे झाले. शेवटी मीच कॅलेंडरकडे बोट केलं.

“अगं, भाच्याचं लग्न निघालं ऐन वेळी,” कुसुम म्हणाली. “हाताशी तेवढंच पॅक केलेलं होतं. आणि खरं सांगू का सुमन, रागावू नकोस. तो कोंबड्यांचा खुराडा दिवाणखान्यात बरा दिसत नव्हता.”

आता कुणाला दोष द्यायचा? आपल्याकडे भेट ही ठेवायची वस्तूच नाही, पुढे द्यायची वस्तू आहे. माझ्या कपाटातले ब्लाउजपीस आजवर कोणत्या कोणत्या घरांतून फिरून आलेत, देव जाणे. स्टीलच्या भांड्यांवर आपण नाव घालून घेतो ते काय उगीच? मी चित्राखाली ठसठशीत सही केली असती तर ते कुणाला पुढे सरकवता आलं नसतं. पण सही करायची मला लाज वाटली होती. चित्राची नाही वाटली.

भाचा वणीला राहायचा. तिथून वणी. दिनकर वाटेत गतिरोधक आला की तेवढं ‘धर’ म्हणायचा. भाचा कामावर गेला होता, त्याची बायको घरी होती. गोड मुलगी. मी वर्णन केलं, तर तिला लगेच आठवलं.

“ते द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजचं चित्र ना, काकू? छान होतं. आमच्या आजीला दिलं मी. तिला गोल वस्तू आवडतात.”

माझ्या लेण्यांना आता दुसरं नाव मिळालं होतं. मला दुःख व्हायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर माझी उत्सुकताच वाढत होती. पुढच्या घरी हे काय झालेलं असेल? दिनकरलाही ती लागण झाली असावी. स्कूटर चालू करताना तो म्हणाला, “मला विचारशील तर खुराडा जास्त जवळचा वाटतो.” सकाळपासूनचं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. मी मागे बसून हसले, आणि मग जरा रडलेही, पण हेल्मेटमध्ये काही कळत नाही.

आजी ओझरजवळच्या एका मळ्यात राहत होत्या. भाजीपाल्याचं शेत, मधे घर, ओसरीवर माठ. आणि माठावर, चित्राची बाजू वर करून, माझे सासरे.

दिनकरने हात जोडले. माठाला की बाबांना, ते त्यालाच माहीत.

आजींना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी झाकण उचललं, पदराने पुसलं आणि निरखून पाहिलं.

“यात माणूस गातो? अन् मी आपलं पाणी झाकते व्हय! लय बरं झाकण हाय पण. वाऱ्यानं उडत नाय.” मग माझ्याकडे वळून, “ही कवळी तू काढली का गं बाई? दात लय काळे केलेस.”

बदल्यात दुसरं चित्र देते, असं मी म्हटलं. आजी म्हणाल्या, नको, झाकणच पाठव.

बाबांचं गाणं नेमकं रंगाखालच्या बाजूला होतं, म्हणून घरी येऊन दिनकरने तबकडी कोमट साबणाच्या पाण्यात ठेवली. कडक पाणी चालत नाही, वाकडी होते. मग कापसाच्या बोळ्याने तो रंग सोडवायला बसला, विमानाचा भाग हातात असल्यासारखा. दोन्ही हात दुधाच्या सायीसारखे गुंडाळत निघून आले. डोंगर गेला. सूर्य गेला. मी शेजारी बसून स्वतःचं चित्र वाहून जाताना पाहत होते आणि ते जितकं कमी होत होतं तितकं बरं दिसत होतं. तळाशी बारीक रेघा चमकल्या. दिनकर म्हणाला, निघालं सगळं. मी चष्मा लावून तपासलं आणि तेच म्हटलं.

रविवारी आक्का आल्या. पायऱ्या चढून धापा टाकत होत्या, पण पाणीसुद्धा घेतलं नाही. प्लेयरजवळ खुर्ची ओढून, चांगला कान पुढे करून बसल्या. तबकडीच्या यात्रेबद्दल आम्ही त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

दिनकरने सुई टेकवली. आधी भजी तळल्यासारखा आवाज, मग ढोलकी, मग गायक. गायक थांबला आणि कोरस उठला. दहा-बारा पुरुषांचा एकच दणदणीत आवाज. दिनकर आक्कांकडे बघायला लागला. वडील गेले तेव्हा तो फार लहान होता, त्यालाही आवाज आठवत नव्हता. एवढ्यांतले बाबा कोणते, कसं ओळखायचं? आक्कांचा चेहरा कोराच. ओळ संपली. पुन्हा गायक, पुन्हा कोरस. एवढा खटाटोप करून शेवटी एक गर्दीच ऐकायला मिळाली, असं मला वाटलं.

तिसऱ्यांदा कोरस थांबला. सगळे थांबले, पण मागे एक आवाज थोडा जास्त रेंगाळला. सगळ्यांच्या नंतर, एकटाच.

आक्कांनी बोट वर केलं. “हे बाबा! पार्टीतले सगळे ओरडायचे, कांबळे, थांबत जा वेळेवर. ते नाहीच थांबायचे.”

आणि तेवढ्यात सुई अडकली. तोच रेंगाळणारा सूर पुन्हा आला. परत आला. परत. तबकडी पुढे जाईना. दिनकर झटकन उठला. वाकून बघतो तर रेघेत पिवळ्या रंगाचा एक कण, मोहरीहूनही लहान. माझ्या डोंगराचा! त्याने सुई उचलायला हात पुढे केला, तर आक्कांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

मग आम्ही तिघं बसून राहिलो. बाबा थांबत नव्हते, आणि आक्का डोळे मिटून, कान पुढे करून ऐकत होत्या. चहा गार झाला, त्यावर साय धरली, कुणी उठलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ चित्रं काढली, अजूनही काढते, आणि लोक अजूनही ती पुढे देऊन टाकतात. पण माझ्या एखाद्या चित्रासमोर माणूस इतका वेळ खिळून बसला, असं आयुष्यात एकदाच घडलं. आणि त्यासाठी ते चित्र मोहरीएवढं उरेपर्यंत पुसावं लागलं.