मोतीलाल, गिटार आणि वीतभर उंचीचं स्टूल

समुद्रपूरच्या बसस्टँडजवळ मोतीलालचं कापडाचं दुकान आहे. पस्तीस वर्षं हा माणूस तिथे गादीवर मांडी ठोकून बसलेला आहे. वरच्या फळीला त्याचा हात पुरत नाही, म्हणून वीतभर उंचीचं एक लाकडी स्टूल ठेवलंय. त्यावर चढणं हाच काय तो त्याचा व्यायाम.

अशा माणसाने त्रेपन्नाव्या वर्षी गिटार आणली! बायको शोभाबाई एक जुनं गाणं कायम अर्धंच गुणगुणते. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी ते तिला अख्खं वाजवून दाखवीन, असं त्याने सगळ्या बाजारात सांगून ठेवलं.

बोटं महिनाभरात शिकली. अडलं ते बसण्यावर. मांडी घातली की पोट आणि गिटार यांचं जागेवरून भांडण. पोट जिंके, गिटार गुडघ्याकडे घसरे. मग तो तिला आडवी पसरून वरून तारा पाहत बसे. मनगट दुखे, दुसऱ्या कडव्याला पायाला मुंग्या.

"वाजवून राह्यले का गिऱ्हाइकाले पदर दाखवून राह्यले?" शोभाबाईने विचारलं.

"तारा दिसल्या नाई तं वाजवू कसा?"

"गप्पा मारत कापड मोजता, तवा मीटरकडे पाह्यता का?"

मोतीलालने गिटार उभी धरून पाहिली; ती पुन्हा गुडघ्याकडे घसरली.

दिवस उरले चार. रविवारी मुलगी गुंजन घरी आली. ती सेवाग्रामला लोकांच्या पाठी-कंबरा सरळ करण्याचं काम करते. गिटारमधलं तिला काही कळत नाही, पण बाप वाकडा बसलाय हे कळलं.

"पप्पा, गादीच्या कडेवर या. पाय खाली सोडा. आता डावा पाय जरा उंचावर पाह्यजे."

मोतीलालने पायानेच कापडाचं एक थान ओढलं.

"मालावर पाय?" शोभाबाई कडाडली.

त्याने थानाला हात लावून कपाळाला लावला आणि पायाखाली स्टूल घेतलं. गिटार डाव्या मांडीवर चढली, मान वर झाली, आणि इतक्या दिवसांचं वैरी पोट मागून टेकू देऊ लागलं. मोतीलालचा चेहरा दिवाळीचा माल खपल्यासारखा फुलला.

लग्नाच्या वाढदिवशी सकाळीच दुकानात त्याने सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यावर नेहमीच्या गिऱ्हाईक जयवंताबाई आत शिरल्या आणि गादीवर टेकल्या.

"मोतीलालभाऊ, वरचं ते मोरपंखी काढा बरं. मले बस पकडाची हाये."

मोतीलालचा पाय स्टुलावरून अर्धा खाली आला. गिऱ्हाइकासाठी ताटावरून उठणारा माणूस! त्याने फळीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, मग शोभाबाईकडे.

तिने कापड मोजायचा लोखंडी मीटर उचलला आणि त्याच्या टोकाने मोरपंखी थान खाली ओढलं. ते थेट जयवंताबाईंच्या मांडीवर.

"घ्या, पाह्या. गाणं होयेपर्यंत भाव इचारू नका."

गाणं अख्खं झालं. मोतीलाल उठला, तर पाय जागेवर, मुंगी एकही नाही.

"पुन्हा वाजवा," शोभाबाई म्हणाली. "या बाईच्या गडबडीत मधलं मले बराबर ऐकू नाई आलं."

"वाजवा नं भाऊ," जयवंताबाईंनी पिशवी खाली ठेवली. "माही बस तं गेलीच."